उपजत देणगी आणि स्वतःची मिळकत

मुलांच्या भवितव्याविषयी आपल्या समाजात दोन म्हणी सारख्याच प्रचारात आहेत. एक म्हणते, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात; दुसरी म्हणते, प्रयत्नांती परमेश्वर. एकाच घरात, एकाच आईबापांच्या तोंडी ह्या दोन्ही म्हणी ऐकू येतात. थोरला पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला म्हणजे पहिली, आणि धाकटा नापास झाला म्हणजे दुसरी. दोन्ही एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतील, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आणि एखाद्या मुलाने तो विचारलाच, तर मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालू नये एवढेच उत्तर त्यास मिळते. परंतु प्रश्न योग्य आहे, आणि वार्षिक परीक्षा व क्रीडास्पर्धा ह्यांचे निकाल हाती आले म्हणजे तो अधिकच टोचू लागतो. त्याचा विचार करण्यास उपयोगी पडेल असे एक चरित्र आम्हांस ठाऊक आहे. ते आपल्या देशातील नव्हे, आणि ज्या खेळाशी त्याचा संबंध आहे तो खेळही आपल्या मुलांनी कधी खेळलेला नाही. तरीही ते पालकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी बर्फ पाहिले असेल ते गोळ्याच्या गाडीवर. युरोपच्या उत्तरेस मात्र वर्षातील निम्मा काळ सारी भूमी बर्फाखाली असते, आणि तेथील लोक शतकानुशतके पायांस लांब, अरुंद, पुढच्या टोकाशी वर वळलेल्या लाकडी पट्ट्या बांधून त्यावरून घसरत प्रवास करीत आले आहेत. ह्या पट्ट्यांस स्की म्हणतात. दोन्ही हातांत काठ्या असतात. त्या बर्फात रोवून अंगास पुढे रेटा द्यावयाचा. उतारावर हे काम सोपे दिसते. परंतु ज्या शर्यतीविषयी आम्ही लिहीत आहो तिच्यात चढ, उतार आणि सपाटी हे तिन्ही येतात, आणि अंतर त्या काळी १५, ३० किंवा ५० किलोमीटर असे. मॅन्तिरान्ताच्या काळी एकेका स्पर्धकाच्या शर्यतीत सर्वांना एकदम सोडीत नसत. अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या अंतराने एकामागून एक स्पर्धक निघे, आणि ज्यास सर्वांत कमी वेळ लागे तो विजयी ठरे. म्हणजे धावणाऱ्यास आपला खरा प्रतिस्पर्धी पुष्कळदा दिसतही नसे. तो झाडीमधून एकटाच धावत असे आणि त्याचे वैर घड्याळाशी असे. पाय, हात, पाठ, पोट असे शरीरातील बहुतेक सारे मोठे स्नायू तासन्‌तास एकदम राबवावे लागतात म्हणून ह्या खेळात छातीचा दम जितका लागतो तितका दुसऱ्या फार थोड्या खेळांत लागत असेल.

फिनलंड देशाच्या उत्तर भागात, स्वीडनच्या सरहद्दीवरून वाहणाऱ्या तोर्निओ नदीच्या काठी पेल्लो नावाचे गाव आहे. ते उत्तर ध्रुववृत्ताच्याही थोडे वर आहे. ऐन हिवाळ्यात तेथे सूर्य जेमतेम क्षितिजावर डोके काढून पुन्हा बुडतो. ह्या मुलखात २० नोव्हेंबर १९३७ रोजी एरो मॅन्तिरान्ता ह्याचा जन्म झाला. घरची गरिबी होती. शाळा तळ्याच्या पलीकडे; हिवाळ्यात तळे गोठले म्हणजे हा मुलगा स्की बांधून त्यावरून शाळेत जाई व तसाच परत येई. ह्यात कोणास काही विशेष वाटत नसे, कारण त्या मुलखातील पुष्कळ मुले तेच करीत. मोठा झाल्यावर त्याच्यापुढे अरण्यातील लाकूडतोडीचे कष्टाचे काम होते. स्कीच्या शर्यतीत नाव काढले तर सरहद्दीवरील पहारेकऱ्याची नोकरी मिळण्याची आशा असे, आणि त्या नोकरीत सरावासही अवकाश मिळे. मॅन्तिरान्ताने ती नोकरी मिळविली. गरिबाच्या मुलास खेळ म्हणजे मौज नसते, पोट भरण्याचा एक मार्ग असतो, ही गोष्ट आमच्याकडील कुस्तीच्या तालमीत वाढलेल्या मुलांस समजावून सांगण्याची गरज नाही.

१९६० च्या हिवाळी ऑलिम्पिक सामन्यांत तो २२ वर्षांचा होता. चार गड्यांनी प्रत्येकी १० किलोमीटर धावावयाच्या सांघिक शर्यतीत फिनलंडचा दुसरा गडी म्हणून त्यास घेतले होते. शेवटच्या टप्प्यास निघताना फिनलंडचा वृद्ध वीर वेइक्को हाकुलिनेन हा नॉर्वेच्या हाकोन ब्रुस्वेनपेक्षा सुमारे २० सेकंद मागे होता. वृद्ध म्हणजे ३५ वर्षांचा. परंतु ह्या खेळात ते वय उतरतीचेच समजावे. त्याने ती वीस सेकंदे एकेक करून भरून काढली, आणि ४० किलोमीटरांच्या शर्यतीचा निकाल एका सेकंदाहूनही कमी अंतराने लागला. फिनलंडला सुवर्णपदक मिळाले आणि तरुण मॅन्तिरान्ताचे ते पहिले पदक झाले. त्या दिवशी हरलेल्या नॉर्वेच्या संघात हाराल्ड ग्रोनिंगेन नावाचा एक शेतकरी होता. त्याचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पुढे १९६२ साली मॅन्तिरान्ता ३० किलोमीटरच्या शर्यतीत जगज्जेता झाला. आणि १९६४ साली ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे ऑलिम्पिक सामने भरले, तेव्हा स्कीच्या शर्यती जवळच्या झेफेल्ड गावी झाल्या. तेथे त्याने जे केले त्यामुळे लोक त्यास झेफेल्डचा स्वामी अशा अर्थाच्या नावाने ओळखू लागले. ३० किलोमीटरची शर्यत त्याने १ तास ३० मिनिटे ५०.७ सेकंदांत पुरी केली. दुसरा आलेला गडी त्याच्या मागे १ मिनिट ११ सेकंदांहून अधिक होता. १५ किलोमीटरच्या शर्यतीत त्यास ५० मिनिटे ५४.१ सेकंद लागले, आणि दुसऱ्यास ४०.७ सेकंद जास्त. ज्या खेळात पहिल्या पाचसहा जणांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या सेकंदांचे अंतर असते तेथे हे ४० सेकंद म्हणजे काय, हे जाणत्यांसच कळेल. दोन्ही शर्यतींत दुसरा कोण आला? तोच ग्रोनिंगेन.

मॅन्तिरान्ताच्या नावावर एकूण ऑलिम्पिकची सात पदके आहेत: तीन सुवर्णाची, दोन रुप्याची व दोन काशाची. १९६६ साली ओस्लो येथे तो ३० किलोमीटरमध्ये पुन्हा जगज्जेता झाला. परंतु ह्या विजयांबरोबर एक कुजबुजही त्याच्या मागे लागली होती. वैद्यकीय तपासणीत त्याचे रक्त नेहमीच्या माणसाहून फार गडद आढळे. त्याचा चेहराही तांबूस जांभळा दिसे. ह्या माणसाने काही तरी लबाडी करून रक्त वाढविले असावे, असे लोक बोलू लागले. तो नाही म्हणे; परंतु नाही म्हटल्याने कुजबूज थांबल्याचे कोणी ऐकले आहे काय?

खरी गोष्ट उजेडात येण्यास १९९३ साल उजाडावे लागले. ती थोडी शास्त्रीय आहे, तरी वरच्या वर्गातील मुलांस कळण्यासारखी असल्याने आम्ही सांगतो. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी फुप्फुसांतून प्राणवायू उचलून स्नायूंस पोहोचवितात. हे हमालीचे काम त्यांच्यातील हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य करते. निरोगी पुरुषाच्या एका लिटर रक्तात ते साधारणपणे १४० ते १७० ग्रॅम असते. मॅन्तिरान्ताच्या रक्तात ते २०० ग्रॅमांहूनही अधिक होते. आता शरीरास किती तांबड्या पेशी हव्यात हे कोण ठरविते? मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन नावाचे एक द्रव्य रक्तात सोडतात. ते हाडांच्या मगजातील पेशींवर असलेल्या एका ग्राहकास जाऊन मिळते, आणि नव्या तांबड्या पेशी घडविण्याचा हुकूम सुटतो. काम पुरे झाले म्हणजे तो हुकूम बंद करण्याची कळही त्याच ग्राहकाच्या शेपटाकडील भागात असते. मॅन्तिरान्ताच्या घराण्यात ह्या ग्राहकाचे शेवटचे ७० घटक जन्मतःच गळलेले होते. आल्बर्ट द ला शापेल व त्यांचे सहकारी ह्यांनी शोध केला तेव्हा असे दिसले की, हा ग्राहक कसा घडवावा हे सांगणाऱ्या जनुकाच्या मजकुरात केवळ एक अक्षर बदललेले आहे, व त्यामुळे वाक्य वेळेपूर्वीच पूर्णविराम पावते. कळ नाही, म्हणून हुकूम लवकर थांबत नाही, आणि तांबड्या पेशी गरजेहून अधिक तयार होत राहतात. आमच्या विद्यार्थ्यांच्या निबंधात एका अक्षराच्या चुकीने अर्धा गुण जातो. ह्या गृहस्थास एका अक्षराच्या चुकीने जगातील उत्तम दमांपैकी एक दम मिळाला. विशेष हे की, रक्त इतके दाट असूनही त्या घराण्यात ह्यामुळे काही मोठी व्याधी आढळली नाही. लबाडीचा आरोप तेवढ्यापुरता तरी खोटा ठरला. मॅन्तिरान्ता त्या वेळी पन्नाशी उलटून गेलेला होता व आपल्या मुलखात रेनडियर पाळून राहत होता.

येथपर्यंत वाचून पहिल्या म्हणीचे अभिमानी हर्षित होतील. ते म्हणतील, पाहा, आम्ही म्हणत होतो तेच खरे! पाळण्यातच नव्हे, पाळण्याच्याही आधी सर्व ठरलेले असते. ज्याच्या रक्तात आहे तो जिंकणार, आणि ज्याच्या नाही त्याने उगाच घाम गाळू नये. आमचे त्यांस नम्रपणे एवढेच सांगणे आहे की, त्याच शोधातील दुसरा आकडाही वाचावा. शास्त्रज्ञांनी त्या घराण्यातील ९७ माणसे तपासली. त्यांपैकी २९ जणांच्या अंगी हेच दाट रक्त आढळले. २९ जण! त्यांतील ऑलिम्पिकचे वीर किती झाले? एरो स्वतः, आणि त्याच्या आप्तांतील पुढच्या पिढीचा पेर्ट्टी तेउरायार्वी ह्याने १९७६ साली फिनलंडच्या संघात धावून सुवर्णपदक मिळविले. बाकी बहुतेकांची नावे पदकांच्या यादीत शोधून सापडणार नाहीत. त्यांच्याही हाडांच्या मगजात तोच कारखाना अहोरात्र चालू होता. परंतु त्यांनी त्या मालाचे दुसरे काही केले, किंवा काहीच केले नाही, आणि त्यात त्यांचा दोष आहे असेही आम्ही म्हणत नाही. मॅन्तिरान्ता स्वतः आपल्या यशाचे कारण विचारले असता रक्ताकडे बोट दाखवीत नसे. आपला निर्धार व आपले मन ह्यांकडे दाखवी. तो सर्वस्वी बरोबर होता असे नव्हे. मनुष्यास आपले कष्ट आठवतात. आपले रक्त आठवत नाही. पण तो सर्वस्वी चूकही नव्हता, हे त्या २९ च्या आकड्यावरून दिसते.

तथापि आमचा खरा वाद ह्या पहिल्या मंडळींशी नाही. त्यांची चूक ढळढळीत आहे, आणि तिने होणारी हानीही ढळढळीत आहे: गणित हिच्या डोक्यात शिरत नाही असे एकदा ठरले की मुलीस शाळेतून काढून घरकामास लावतात, आणि ते तिच्या डोक्यात शिरावे म्हणून कोणी किती दिवस खर्च केले हे विचारीत नाहीत. आमचा वाद दुसऱ्या म्हणीच्या अभिमान्यांशी आहे, आणि तो अधिक नाजूक आहे. कारण ते चांगले लोक असतात, पुष्कळसे शिक्षक त्यांत असतात, व त्यांचे बोलणे कानास गोड लागते. जो झटतो तो जिंकतो, असे ते मुलांस सांगतात. बक्षीस-समारंभाच्या भाषणात हे वाक्य आले नाही असे वर्ष आम्हांस आठवत नाही. ह्या वाक्याचा उलटा अर्थ काय होतो हे मात्र कोणी पाहत नाही. जो झटतो तो जिंकत असेल, तर जो हरला तो झटला नाही असे झाले. वर्गात एक मुलगा असतो. पहाटे उठून अभ्यास करतो, आईने सांगितलेले पाणी भरून पुन्हा पुस्तकाशी बसतो, आणि वर्षाच्या शेवटी कसाबसा पस्तीस गुणांच्या पलीकडे उडी मारतो. समारंभात तो मागच्या बाकावर बसून हे वाक्य ऐकतो. त्यास आपण एका हाराऐवजी दोन हारा देतो: एक गुणपत्रिकेवरची आणि दुसरी चारित्र्यावरची. तो हरला इतकेच नव्हे, तर आळशी होता म्हणून हरला असे सर्वांदेखत सांगतो. हे खोटे आहे, आणि खोटे असल्यामुळे ते निष्ठुर आहे.

ग्रोनिंगेनचेच पाहा. त्याच्या रक्तात असले काही विलक्षण असल्याचे कोणी सांगितलेले नाही. १९६० साली तो एका सेकंदाहून कमी अंतराने हरलेल्या संघात होता. १९६४ साली तो दोनदा दुसरा आला, आणि दोन्ही वेळा त्याच एका माणसाच्या मागे. तो कमी झटला होता काय? झेफेल्डच्या बर्फावर मॅन्तिरान्ताच्या मागे चाळीस सेकंदांनी पोहोचलेल्या ग्रोनिंगेनला, तू जरा अधिक कष्ट करावयास हवे होते, असे सांगण्याचे धाडस ज्यास होईल त्याने खुशाल सांगावे. चार वर्षांनी, १९६८ साली, फ्रान्समध्ये ग्रनोब्ल येथील सामन्यांत हे दोघे पुन्हा १५ किलोमीटरच्या शर्यतीस उभे राहिले. मॅन्तिरान्ता ३० वर्षांचा होता, ग्रोनिंगेन ३३ वर्षांचा. मॅन्तिरान्ताने ४७ मिनिटे ५६.१ सेकंद घेतले. ग्रोनिंगेनने ४७ मिनिटे ५४.२ सेकंद. दोन सेकंदांहून थोडे कमी. त्याच सामन्यांत नॉर्वेच्या संघाबरोबर त्याने दुसरेही सुवर्णपदक मिळविले. ही गोष्ट ऐकून आमच्या शिक्षकबंधूंना वाटेल की शेवटी झटणाराच जिंकला. आम्ही विचारतो, ते दोन सेकंद उलट बाजूस पडले असते तर? ग्रोनिंगेन पाचव्या वेळी, सहाव्या वेळीही दुसराच आला असता तर त्याची आठ वर्षे कवडीमोल ठरली असती काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्या दिवशी तो दुसरा आला त्या दिवशीही तो तितकाच मोठा होता. फक्त ते दाखविणारे पदक निराळ्या धातूचे होते.

ख्रिस्ती शुभवर्तमानात मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात एक दृष्टान्त आहे. तो आमच्या शाळेतील प्रत्येक मुलाने, मग तो कोणत्याही धर्माचा असो, सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी कधी तरी ऐकलेला आहे. धनी परदेशी जाताना एका चाकरास पाच, दुसऱ्यास दोन व तिसऱ्यास एक असा धनाचा वाटा देतो. पाचवाला आणखी पाच मिळवितो, दोनवाला आणखी दोन, आणि एकवाला आपला वाटा जमिनीत पुरून ठेवतो. उपदेश करणारे बहुधा ह्या तिसऱ्यावर घसरतात. आम्हांस नेहमी दुसऱ्याचे नवल वाटत आले आहे. धनी परत आल्यावर दहा घेऊन आलेल्यास जी शाबासकी देतो तीच, शब्दाचाही फरक न करता, चार घेऊन आलेल्यास देतो. तू दहा का आणले नाहीस, असे विचारीत नाही. कारण दिले किती होते हे त्यास ठाऊक असते. पालक व शिक्षक ह्यांस दिले किती होते हे ठाऊक नसते, हीच आपली खरी अडचण आहे. आणि म्हणून आपण आणलेल्या राशी एकमेकींशेजारी ठेवून मोजीत बसतो.

मॅन्तिरान्ताच्या चरित्राचा एक भाग अजून सांगावयाचा राहिला आहे. मुलांच्या मासिकात तो गाळावा असे काहींचे मत पडेल. आम्ही तो मुद्दाम सांगतो. १९७२ साली आपल्याच देशातील राष्ट्रीय स्पर्धेत ह्याच मॅन्तिरान्ताच्या तपासणीत ॲम्फेटामिन नावाचे निषिद्ध उत्तेजक आढळले. फिनलंडच्या खेळाडूंत असा ठपका आलेला तो पहिला. पुढे आपण हार्मोनेही घेतली होती हे त्याने कबूल केले. ती घेण्यास त्या काळी बंदी नव्हती. ज्यास निसर्गाने लाखांत एखाद्यास द्यावे असे रक्त दिले त्याच्या नावापुढे हा डाग लागावा! दैव देते आणि कर्म नेते ही आपली म्हण पहिल्या दोहोंइतकी आवडती नाही, पण येथे तीच लागू पडते. आणि ही गोष्ट एका माणसापुरती राहिली नाही. त्याच्या शरीरात जे आपोआप घडत होते तेच घडवून आणण्यासाठी पुढील पिढीतील काही खेळाडू एरिथ्रोपोएटिन बाटलीतून टोचून घेऊ लागले. ऑलिम्पिकच्या चालकांनी १९९० साली त्यावर बंदी घातली तरी ते चालूच राहिले. २००१ साली फिनलंडमधील लाहती शहरी जागतिक स्पर्धा भरल्या असता, रक्तातील अशी लबाडी झाकण्यास उपयोगी पडणारे द्रव्य फिनलंडच्याच सहा खेळाडूंच्या तपासणीत सापडले. त्यांत १९९८ च्या ऑलिम्पिकमधील ३० किलोमीटरचा विजेता मिका मिल्लिला हाही होता. यजमान देशाच्या घरात, पाहुण्यांसमोर! त्या राष्ट्रास ती लाज अनेक वर्षे पुरली.

येथे एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारील की, जे रक्त एकास जन्मतः मिळाले ते दुसऱ्याने औषधाने मिळविले तर त्यात पाप ते कोणते? उलट त्याने निसर्गाचा अन्यायच दूर केला. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमचे उत्तर असे की, शर्यत म्हणजे काही माणसांनी आपसांत केलेला करार आहे. जन्मतः जे मिळाले ते प्रत्येकाने घेऊन यावे आणि त्यापलीकडे अमुक अमुक करू नये, एवढाच तो करार. मॅन्तिरान्ताने आपल्या रक्ताविषयी कोणास फसविले नाही. ते काय आहे हे त्याचे त्यासही ठाऊक नव्हते. उत्तेजक घेणारा मात्र शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या विश्वासाची चोरी करतो. परीक्षेत शेजारच्याच्या वहीत पाहणारा मुलगाही म्हणू शकेल की मला देवाने स्मरणशक्ती कमी दिली, ती मी दोन डोळ्यांनी भरून काढली. त्याचे म्हणणे कोणी मान्य करणार नाही. परंतु तो असे का करतो हे पाहिले, तर आपणच त्यास शिकविले आहे की मोजतात ते फक्त आणलेले, दिलेले नव्हे. जेथे दुसऱ्यास कवडीचीही किंमत नाही तेथे पहिला होण्यासाठी कोणी काय करील ह्याचा नेम नसतो. लाहतीच्या त्या सहाजणांस आम्ही क्षमा करीत नाही. पण ज्यांनी त्यांस पहिल्यावाचून दुसरे काही पाहावयास शिकविले नाही त्यांसही आम्ही निर्दोष म्हणणार नाही.

आता आमच्या शाळेपुरती एक सूचना करून हा लेख पुरा करतो. क्रीडास्पर्धेतील पहिल्याचे बक्षीस रद्द करावे असे आम्ही म्हणत नाही. वेगाने धावणारा मुलगा पाहण्यात आनंद आहे, आणि तो आनंद कोणाचे नुकसान करीत नाही. परंतु त्याबरोबर प्रत्येक विद्यार्थ्याची व विद्यार्थिनीची वेळ लिहून ठेवावी, आणि पुढील वर्षी ज्याने आपल्याच मागील वेळेत सर्वांत अधिक सुधारणा केली असेल त्यास त्याच व्यासपीठावर, त्याच पाहुण्यांच्या हस्ते, तेवढ्याच मोलाचे बक्षीस द्यावे. घरी गुणपत्रिका आली म्हणजे पालकांनीही शेजारच्या मुलाची गुणपत्रिका मागवून घेण्यापूर्वी आपल्या मुलाची मागील सहामाहीची काढून शेजारी ठेवावी. ह्यावर एक आक्षेप आम्हांस आताच ऐकू येत आहे: मुले लबाड असतात, ती पहिल्या वर्षी मुद्दाम हळू धावतील. काही धावतीलही. त्यासाठी वर्षातून एकदाच नव्हे तर तीन वेळा वेळ घ्यावी व त्यातील उत्तम तेवढी धरावी. तिन्ही वेळा शंभर मुलांच्या देखत मुद्दाम मागे राहण्याइतका धीर सहसा कोणाच्या अंगी नसतो. खर्च म्हणाल, तर एक जाड वही आणि सेकंद दाखविणारे घड्याळ एवढाच आहे. आणि घड्याळ खेळाच्या कपाटात पडलेले आहे.